चिंधी, सरकी आणि तुमचं लेकरू

आई-बाबांनो, अम्मी-अब्बूंनो,

पालकसभेत गणित-विज्ञानाच्या शिक्षकांपुढची गर्दी ओसरली की तुमच्यापैकी काही जण माझ्या टेबलापाशी येता. मी चित्रकला शिकवते, म्हणून प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "मॅडम, इंटरमिजिएटला ए ग्रेड येईल ना?" प्रश्न रास्तच आहे. शासकीय रेखाकला परीक्षेतल्या ए ग्रेडचे ७, बीचे ५ आणि सीचे ३ गुण दहावीच्या निकालात जास्तीचे मिळतात. त्यासाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं मी मुलांकडून कसून करून घेते आणि पुढेही घेईन. पण तुम्ही मला आणखी एक गोष्ट विचारावी असं फार वाटतं. माझ्या लेकराचं स्वतःचं असं काही त्याच्या चित्रात दिसतं का, हे कुणीच विचारत नाही. आज त्याबद्दल मनातलं बोलायचं आहे.

पहिली-दुसरीतलं कोणतंही पोरगं घ्या. कागद समोर आला की ते विचार करत बसत नाही, सरळ काढायला लागतं. तेच पोरगं सहावी-सातवीत येतं आणि म्हणतं, "मॅडम, मले चित्र नाई येत." मधल्या काळात त्याचा हात बिघडलेला नसतो. "जमणं" म्हणजे समोर जसं आहे तसं हुबेहूब उतरणं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तांब्या वाकडा आला की शेजारचा हसतो, घरी ताईच्या वहीतला तांब्या दाखवला जातो. शेवटी पोरगं ठरवून टाकतं की हे आपलं काम नाही. आपल्याला काहीच जमत नाही ही भावना त्या तांब्यापासून सुरू होते आणि चित्रकलेच्या तासापुरती राहत नाही.

अशा मुलांसाठी मी मिश्र माध्यमाकडे वळते. पेन्सिल आणि रंग यांच्या जोडीला कापड, माती, सूत, वर्तमानपत्र, बिया, काड्या, जे हाताला लागेल ते एकाच चित्रात घ्यायचं. युरोपच्या आधुनिक कलेत याची सुरुवात १९१२ सालची मानली जाते. त्या वर्षी पिकासोनं एका स्थिरचित्रात वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. पण आपल्या आयाबाया हे काम फार आधीपासून करत आल्या. भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाई बसते, तेव्हा मातीची भुलाबाई, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, मणी, रंगीत कागद, झगमगीत कापड असं सगळं एकत्र येतं. रद्दी भिजवून, मेथ्या घालून, कुटून त्या लगद्याच्या टोपल्या थापणाऱ्या आज्या अजून तुमच्या घरात असतील. त्या टोपलीवर वरून कोणता कागद लावायचा, काठाला कोणता रंग द्यायचा हे प्रत्येक आजीचं वेगळं असायचं, आणि टोपली बघून "ही अमकीच्या हातची" असं गल्लीत ओळखू यायचं. शैली शैली म्हणतात ती हीच.

मिश्र माध्यमात पोराला पहिला दिलासा हा मिळतो की तुलना करायला समोर मूळ वस्तूच नसते. तांब्या वाकडा आहे हे कुणीही सांगेल. चिंध्यांचं आभाळ चुकलं, असं कोण सांगणार? दुसरं असं की हातातली वस्तू आपणहून पोराशी बोलायला लागते. कोऱ्या कागदापुढे गांगरलेल्या मुलानं पोत्याचा तुकडा हातात घेतला की ते त्याच्या दशा ओढायला लागतं, आणि ओढता ओढता त्याला काही तरी दिसतं.

सातवीतल्या एका मुलाचं सांगते. घरी कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. चित्रकलेच्या तासाला शेवटच्या बाकावर, वही नेहमी घरी विसरलेली. विषय दिला होता "माझं वावर". त्यानं पुठ्ठा घेतला, घरून आणलेली काळी माती डिंकाच्या पाण्यात कालवली आणि बोटानं जाड थर दिला. वर पऱ्हाटीच्या बारीक काड्या रोवल्या, एका कोपऱ्यात सरकीचे चार दाणे आणि थोडा कापूस. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मातीला उभ्या-आडव्या भेगा. त्याचा चेहरा पडला. बाजूची मुलं म्हणाली, फुटलं, परत कर. तो बराच वेळ पुठ्ठा हातात धरून होता. मग मला म्हणाला, "मॅडम, असूद्या. उन्हाळ्यात वावर असंच असते."

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते, ते तुम्ही दर वर्षी पायाखाली बघता. तेच पुठ्ठ्यावर झालं होतं. पण त्या मुलानं जे झालं ते मुकाट्यानं पत्करलं नाही, ते आपलं म्हणून ठेवलं. पुढे तो भेगांच्या मागेच लागला. थर जाड दिला की भेग खोल जाते, डिंक वाढवला की भेगा कमी पडतात, सावलीत हळू वाळवलं तर त्या बारीक येतात, हे सगळं त्यानं स्वतः करून करून शोधलं. कुठे भेगा हव्यात आणि कुठे नकोत हे तो ठरवायला लागला. नंतरच्या एका चित्रात त्यानं भेगांमध्ये लाल सूत भरलं. आणखी एका चित्रात तर चक्क आजोबांचा चेहरा होता, तोही भेगाळलेल्या मातीचा. वर्गातल्या चित्रांची चळत लावली तर त्याचं चित्र आता नाव न बघता ओळखता येतं. वस्तुचित्रातला त्याचा तांब्या अजूनही थोडा कलतो. पण आता तो वही आणतो आणि दुसऱ्या बाकावर बसतो.

त्याचे बाबा शाळेत आले तेव्हा मी त्यांना पहिलं चित्र दाखवलं. काही समजावून सांगितलं नाही. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तर आपलंच वावर व्हय." मुलगा शेजारीच उभा होता. माझ्या शाबासकीनं एवढं काम कधी झालं नसतं.

आपल्या विदर्भातल्याच एका चित्रकाराची ओळख करून द्यायची आहे. प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६, गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती. गाव कोळशाच्या खाणीचं, घरही खाणकामाशी जोडलेलं. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात आणि नंतर बडोद्याला ते शिकले. त्यांनी हातात घेतला तो चित्रकलेचा लाकडी कोळसा, ज्या खाणीच्या कोळशावर त्यांचं गाव जगलं त्याच्याशी नातं सांगणारा. भिंतीवर कोळशानं काढलेली भली मोठी चित्रं, प्लायवूडच्या आकृत्या, शिल्पं, हलती चित्रं असं सगळं ते एकत्र मांडतात. त्यांच्या चित्रात माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी कधी खाणीतला दिवा असतो. २०१२ साली मुंबईत त्यांचं खाणकामगारांवरचं प्रदर्शन झालं. २०२१ मध्ये वेल्समधल्या 'आर्टेस मुंडी' पुरस्काराच्या सहा मानकऱ्यांत ते होते, आणि २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांचं काम लागलं. सास्तीचा माणूस सास्तीच्याच खाणीची गोष्ट घेऊन तिथवर पोचला. तुमचं मूल व्हेनिसला जाईल असं मी मुळीच म्हणत नाही. एवढंच म्हणते की आपल्या गावात चित्रात घेण्यासारखं काय आहे, असं त्याच्यापुढे कधी बोलू नका. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर आपलं गाव. किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडाची छत्री आहे, घराघरांत कपाशी आहे, सतरंजीच्या विणकामाचं जुनं नाव आहे. जुन्या वाड्यांच्या दारांवर खिळ्यांची नक्षी आहे, तिच्यावर पातळ कागद धरून खडू घासला तरी एक सुंदर चित्र उमटतं.

आणि घाई करू नका. शकुंतला कुलकर्णी यांचा जन्म १९५० चा. त्या मूळच्या चित्रकार. वेताची विणलेली चिलखतं, बाईच्या अंगावर चढणारी, तिचं रक्षण करणारी आणि तिला कोंडणारीसुद्धा, ही त्यांची खास ओळख झाली तेव्हा त्यांची साठी आली होती. हेच काम २०१९ ला व्हेनिसच्या भारतीय दालनात होतं. मग बारा वर्षांच्या पोरीनं या महिन्यात चिंध्या आणि पुढच्या महिन्यात फक्त वर्तमानपत्र घेतलं तर "एक धड करत नाही" असं का म्हणायचं? तिचं शोधणं चालू आहे.

आता थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. शाळेत येणारे निम्मे प्रकल्प तुम्ही केलेले असतात. मला ते ओळखू येतात, कारण कडा सरळ असतात आणि मूल त्याबद्दल एक वाक्य बोलू शकत नाही. रात्री अकराला तुम्ही कात्री घेऊन बसता ते मायेपोटीच, हे मला कळतं. पण सकाळी ते मॉडेल हातात घेऊन येणाऱ्या पोराला आपलं काम दाखवण्याच्या लायकीचं नाही एवढंच समजलेलं असतं. तयार किट आणून नमुन्यावर बरहुकूम तसंच करायला लावणं, मोबाईलवरच्या व्हिडिओतल्यासारखंच हवं असा हट्ट धरणं, याचाही परिणाम तोच. आणि चित्र पुरं होण्याआधी फोटो काढून स्टेटसला लावू नका. मग मूल चित्र स्वतःसाठी करत नाही, लाइकच्या अंगठ्यांसाठी करायला लागतं.

घरात एक खोकं द्या. बस, इतकंच. त्यात शिलाईतल्या कातरणी, लग्नपत्रिका, एसटीची जुनी तिकिटं, तुटकी बटणं, सुताच्या लडींचे तुकडे, तुराटी, वाळलेली पानं पडू द्या. मैद्याची खळ घरी शिजते, त्यात चिमूटभर मोरचूद घालायची जुनी सवय मात्र मुलांच्या कामासाठी सोडा, ते विषारी असतं. डाळी-बिया लावायच्या तर कडक उन्हात वाळवून, नाही तर चित्राला कीड लागते. गाजर गवत कितीही नाजूक दिसलं तरी नको, अंगाला खाज सुटते. आणि हे हात जोडून सांगते, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, बाटल्या, झाकणं, पाकिटं मुलांच्या हाती कधीच देऊ नका, धुवून घेतली तरी नाही. नुकत्याच फवारलेल्या वावरातली बोंडं आणि पानंही नकोत. पऱ्हाटी घ्यायची तर हंगाम संपून, उन्हापावसात पडून वाळलेली घ्या.

चित्र दाखवायला आलं की "हे काय आहे?" असं विचारायची आपल्याला सवय आहे. त्यानं मूल बिचकतं, कारण ते "काय" आहे हे दिसायला हवं होतं असा त्याचा अर्थ होतो. त्याऐवजी "हे कापड इथं का लावलंस?" असं विचारून बघा. त्याचं उत्तर मुलाकडे असतं. कधी ते "असंच" म्हणेल. तेही चालतं.

चित्राच्या मागे तारीख टाका आणि चित्रं पलंगाखाली एखाद्या मोठ्या पुठ्ठ्याच्या घडीत ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला जाऊ देऊ नका. वर्षातून एकदा सगळी फरशीवर मांडा आणि मुलाबरोबर बघा. एकच रंग सारखा येतोय का, माणसं नेहमी कोपऱ्यात असतात का, दोरा कुठेच सुटत नाही का? ते त्याचं त्यालाच दिसू द्या. तुम्ही आधी बोलून टाकू नका.

शाळेचं चित्रप्रदर्शन लागलं की तुम्हाला निरोप येईल. कामाचे दिवस असतील, तरी दोघांपैकी एकानं यावं. तिथे प्रत्येक मूल आपल्या चित्राशेजारी उभं राहतं आणि येणाऱ्याला चित्राबद्दल सांगतं. पाहुणे आधी तुम्हालाच विचारतील, कारण मोठ्यांशी बोलणं सोपं असतं. त्यांना मुलाकडे वळवा. आणि बोलताना ते अडखळलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.