घटक ६ : काम म्हणजे काय? – यहुदी धर्मशास्त्रातील 'होल हामोएद' आणि घरकामाची भाषा

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासून झाल्यावर आपणांस –
• 'काम' या अर्थक्षेत्रातील मराठी शब्दांमधील भेद सांगता येतील.
• 'होल हामोएद' ही संज्ञा आणि तिच्यामागील धर्मशास्त्रीय व्यवस्था स्पष्ट करता येईल.
• एखादा नियमग्रंथ शब्दांची व्याख्या कशी करतो, हे उदाहरणांच्या आधारे दाखवता येईल.
• नियमाच्या भाषेत कोण दिसते व कोण दिसत नाही, याचे विवेचन करता येईल.

६.२ प्रास्ताविक

'तुमची आई काय करते?' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर आपण अनेकदा ऐकले असेल, कदाचित दिलेही असेल. हेच उत्तर देणारी व्यक्ती दुसऱ्या प्रसंगी 'सणाच्या तोंडावर घरात कामाचा डोंगर पडला आहे' असेही सहज म्हणते. दोन्ही वाक्ये मराठीच्या दृष्टीने निर्दोष आहेत. पहिल्या वाक्यात घरकाम हे 'काम' नाही. दुसऱ्यात ते आहे. 'ती कामावर जाते' या प्रयोगात तर काम ही घराबाहेरची एक जागाच होते. एकाच शब्दाच्या अर्थाची सीमा वापरागणिक अशी सरकत असेल, तर ती सीमा कोण ठरवते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

रोजच्या व्यवहारात ही संदिग्धता खपून जाते. कायद्यात ती खपत नाही. 'या दिवशी काम करू नये' असा नियम केला, की काम म्हणजे नेमके काय, हे सांगावेच लागते. यहुदी धर्मशास्त्राने हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षे चर्चिला आहे. त्यातील सणांच्या मधल्या दिवसांचा, म्हणजे 'होल हामोएद'चा, भाग आपण येथे उदाहरणादाखल घेत आहोत.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ संज्ञेची घडण

वल्हांडण (पेसाह) आणि मांडवांचा सण (सुक्कोथ) हे यहुद्यांचे अनेक दिवस चालणारे सण होत. त्यांचे आरंभीचे व अखेरचे दिवस पूर्ण पवित्र मानले जातात. त्या दिवसांना 'योम तोव' म्हणतात. मधले दिवस 'होल हामोएद'. इस्राएलमध्ये वल्हांडण सात दिवसांचा असून त्यात मधले दिवस पाच असतात. इस्राएलबाहेर पारंपरिक रीतीने तो आठ दिवसांचा असतो व मधले दिवस चार. सुक्कोथमध्ये हे दिवस इस्राएलमध्ये सहा आणि बाहेर पाच असतात.

'होल' म्हणजे साधे, पवित्र नसलेले. 'मोएद' म्हणजे नेमलेला काळ, सण. मराठीत शब्दशः 'सणातले साधेपण' असे म्हणता येईल. या पदात दोन विरुद्ध कल्पना संबंधाने जोडलेल्या आहेत. दिवस साधा आहे, परंतु तो सणाचा आहे. आपण त्याचे भाषांतर 'मधले दिवस' असे केले, तर केवळ स्थान कळते. 'साधे दिवस' असे केले, तर सण हरवतो. संज्ञेतील हा पेच हाच या दिवसांविषयीच्या सर्व नियमांचा गाभा आहे.

या नियमांचा मूळ आधार 'मोएद कातान' हे प्रकरण होय. 'मिश्ना' या संहितेत त्याचा समावेश असून तिचे संकलन इ. स. २०० च्या सुमारास गालील प्रांतात झाले. त्यावरील चर्चा तालमूदमध्ये आहे. पुढे मायमोनिदीस (मृत्यू १२०४) यांनी आपल्या संहितेत आणि योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरुख' (मुद्रण १५६५) या ग्रंथात हे नियम सुसंगत मांडले. या दिवसांतील बंदी मूळ तोरातील की नंतरच्या पंडितांनी घातलेली, याविषयी मतभेद आहेत. मायमोनिदीस ती पंडितांची मानतात. हे दिवस इतर दिवसांसारखे, पावित्र्याचा लवलेश नसलेले होऊ नयेत, हा तिचा हेतू ते सांगतात.

६.३.२ 'मेलाखा' आणि 'तिरहा'

मराठीतील 'काम' या एका शब्दासाठी या शास्त्रात किमान दोन कल्पना स्वतंत्र ठेवल्या आहेत.

पहिली 'मेलाखा'. वस्तूत बदल घडवणारी, काही निर्माण करणारी कृती म्हणजे मेलाखा. शब्बाथच्या दिवशी निषिद्ध असलेल्या मेलाखांचे एकोणचाळीस प्रकार मिश्नाने नोंदवले आहेत. ही यादी आपण लक्षपूर्वक पाहावी. तिचे पहिले अकरा प्रकार पेरणीपासून दळणे, चाळणे, मळणे आणि भाजणे येथपर्यंतचे, म्हणजे भाकरीच्या वाटचालीचे आहेत. पुढचे तेरा लोकर कातरण्यापासून शिवण्यापर्यंतचे, म्हणजे वस्त्राचे आहेत. थोडक्यात, ज्याला आपण 'काही नाही, घरीच असते' असे म्हणतो, त्यातील बराच भाग येथे कामाच्या यादीत अग्रभागी आहे.

दुसरी कल्पना 'तिरहा', म्हणजे कष्ट, दगदग. मेलाखा नेहमी कष्टाची असतेच असे नाही, आणि कष्ट नेहमी मेलाखा असतात असेही नाही. दिवा पेटवायला श्रम पडत नाहीत. तरी ती मेलाखा आहे. घरातल्या घरात जड मेज सरकवणे कष्टाचे आहे. परंतु ती मेलाखा नव्हे. मधल्या दिवसांत मात्र कष्टाचाही विचार होतो. एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवू नये, पण आपल्याच अंगणात सामान हलवता येते, असा मिश्नाचा नियम आहे. येथे काही निर्माण होत नाही. तरी सणाचा दिवस दगदगीत जाऊ नये, म्हणून बंदी आहे.

मराठीतही 'काम', 'कष्ट', 'धंदा', 'उद्योग', 'राबणे' असे भेद आहेतच. फरक इतकाच, की आपण ते भावार्थाने वापरतो. नियमग्रंथाला त्यांची सीमा आखावी लागते.

६.३.३ परवानगीची कारणे

शब्बाथला सर्व मेलाखा निषिद्ध. योम तोवला अन्न शिजवण्यास मोकळीक. होल हामोएदमध्ये काम करावे की नाही, हे कामाच्या नावावरून ठरत नाही, तर ते कशासाठी केले जाते यावरून ठरते. प्रमुख कारणे पाच आहेत.

(१) अन्न : सणात खाण्यासाठी लागणारे सर्व काही करता येते.
(२) सणाची गरज : सणासाठी उपयोगी असलेले काम करता येते, पण ते कसबी कारागिराच्या पद्धतीने नव्हे, तर सामान्य माणसाच्या हाताने.
(३) नुकसान : आता न केल्यास वाया जाईल असे काम ('दावार हाआवेद') करता येते. प्रकरणाचा आरंभच पाण्यावर अवलंबून असलेल्या शेताला पाणी देण्याच्या परवानगीने होतो. मात्र तेथेही फार कष्टाने पाणी उपसून देण्यास मनाई आहे.
(४) सार्वजनिक गरज : रस्ते व पाण्याची टाकी दुरुस्त करता येतात.
(५) पोट : ज्या मजुराकडे खायला नाही, त्याला काम करता येते व त्याला काम देताही येते, ते काम सणाच्या गरजेचे नसले तरी.

पाचवे कारण विशेष लक्षात घ्यावे. पहिल्या चारांत कामाची गरज पाहिली जाते; येथे काम करणाऱ्याची गरज पाहिली जाते. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही, त्याला विश्रांतीचा आदेश देणे म्हणजे उपवासाचा आदेश देणे होय, हे नियमकर्त्यांनी ओळखले होते.

या सर्वांवर एक मर्यादा आहे : काम मुद्दाम सणासाठी राखून ठेवू नये. फुरसत मिळेल म्हणून एखाद्याने काम या दिवसांवर ढकलले, तर त्या मालाचे नुकसान होऊ द्यावे, असे मिश्ना सांगते.

६.३.४ घरातील उदाहरणे

शिवण : सामान्य माणसाने नेहमीप्रमाणे शिवावे, कारागिराने वाकडे टाके घालावेत. मग 'सामान्य' कोण? तालमूदमध्ये याची दोन उत्तरे येतात. एका मते, ज्याला एका दमात सुईभर टाके ओढता येत नाहीत तो. दुसऱ्या मते, ज्याला अंगरख्याची किनार सरळ दुमडता येत नाही तो. अमूर्त शब्दाची व्याख्या हाताच्या हालचालीने कशी करावी, याचा हा उत्तम नमुना आहे.

दुरुस्ती : दाराची बिजागरी, कुलूप किंवा किल्ली मोडली, तर ती दुरुस्त करता येते.

लोणचे : सणाच्या दिवसांतच खाता येईल एवढ्या बेताने मुरणारे लोणचे घालता येते. पुढे कधीतरी खाण्यासाठी घातलेले चालत नाही. पदार्थ एकच, कृती एकच. नियम बदलतो तो हेतूमुळे.

धुणे : कपडे धुण्यास सामान्यतः बंदी आहे. तालमूद कारण देते, की लोकांनी धुणे मधल्या दिवसांवर टाकून मळक्या कपड्यांत सणात प्रवेश करू नये. म्हणूनच ज्यांना आधी धुणे शक्य नव्हते, त्यांना सूट आहे : समुद्रपार प्रवासाहून आलेला, कैदेतून सुटलेला, अंगावर एकच वस्त्र असलेला. हात पुसण्याची फडकी धुता येतात आणि पुढील परंपरेने लहान मुलांचे, वारंवार मळणारे कपडेही सोडले आहेत.

आता या उदाहरणांकडे व्याकरणाच्या अंगाने पाहावे. हिब्रूत मराठीप्रमाणेच क्रियापदाला लिंग असते. शिवणारा, धुणारे, दुरुस्त करणारा, ही रूपे पुल्लिंगी आहेत. परंतु याच मिश्नाच्या विवाहविषयक प्रकरणात पत्नीने करावयाची कामे दिली आहेत : दळणे, भाजणे, धुणे, स्वयंपाक, मुलाला पाजणे, अंथरूण घालणे, लोकरीचे काम. म्हणजे नियमाच्या वाक्यात कर्ता पुल्लिंगी, तर प्रत्यक्ष धुण्याच्या दगडापाशी बहुधा स्त्री. 'सणाआधी धुवावे' या नियमाने सणातील दिवस हलका होतो, पण त्यामुळे आदल्या आठवड्याचा भार वाढतो. तो भार कोणाच्या हाती गेला, हे ते वाक्य सांगत नाही. या नियमांनी घरकामाला 'काम' हे नाव दिले, हे त्यांचे श्रेय आहे. करणारीचे नाव बहुधा वाक्याबाहेर राहिले, ही त्यांची मर्यादा आहे. नियमग्रंथ वाचताना दोन्ही बाबी नोंदवाव्यात.

६.३.५ मराठीशी असलेला संबंध

हा विषय मराठीला सर्वस्वी परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आहे. 'पेणकर', 'दिवेकर' यांसारखी त्यांची गावांवरून आलेली आडनावे आपल्या परिचयाची आहेत. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या विधीची पोथी, म्हणजे 'हगादा', हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर यांसह छापली गेली. तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या या लोकांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवत. या नावाची घडण पाहा. 'तेली' हा शब्द ते कोणते काम करतात हे सांगतो. 'शनिवार' हा शब्द ते केव्हा काम करत नाहीत हे सांगतो. शेजाऱ्यांना त्यांचे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण बंद घाणा दिसत होता. काम न करणे हीदेखील समाजाची ओळख ठरू शकते, हे या जोडशब्दाने नेमके टिपले आहे.

६.४ सारांश

'काम' हा शब्द वरवर सोपा वाटतो. त्याची व्याख्या करू लागताच निर्मिती, कष्ट, कौशल्य, हेतू आणि गरज असे अनेक घटक वेगळे होतात. होल हामोएदचे नियम हे घटक एकेक करून तपासतात. त्यांत घरकामाला कामाचा दर्जा आहे, उपाशी मजुराची दखल आहे आणि सणाचा दिवस दगदगीपासून वाचवण्याची इच्छा आहे. त्याच वेळी, हे काम प्रत्यक्षात कोण करते, हे त्यांच्या व्याकरणात पुरेसे दिसत नाही. भाषेच्या अभ्यासकाने शब्दाची सीमा पाहावी, तसेच त्या सीमेबाहेर राहिलेली माणसेही पाहावीत.

६.५ पारिभाषिक शब्द

होल हामोएद : सणाच्या पूर्ण पवित्र दिवसांमधील अंशतः पवित्र दिवस.
योम तोव : सणाचा पूर्ण पवित्र दिवस.
मेलाखा : निर्मितिस्वरूप कृती.
तिरहा : कष्ट, दगदग.
दावार हाआवेद : न केल्यास नुकसान होईल असे काम.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्न व उत्तरे

प्र. १. जड मेज सरकवणे आणि दिवा पेटवणे यांतील भेद सांगा.
उत्तर : पहिल्यात कष्ट आहेत पण निर्मिती नाही, दुसऱ्यात कष्ट नाहीत, पण ती मेलाखा आहे.

प्र. २. लोणच्याच्या उदाहरणात नियम कशावरून ठरतो?
उत्तर : ते सणाच्या दिवसांत खाता येईल की नाही, म्हणजे हेतूवरून.

प्र. ३. परवानगीचे पाचवे कारण इतरांहून वेगळे का?
उत्तर : त्यात कामाची नव्हे, तर काम करणाऱ्याची गरज पाहिली जाते.

६.७ स्वाध्याय

१. 'होल हामोएद' या संज्ञेचे मराठी भाषांतर करताना येणाऱ्या अडचणी सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या घरी एका दिवसात झालेल्या सर्व कृतींची यादी करा. त्यांपैकी कोणत्या कृतींना घरातील माणसे 'काम' म्हणतात आणि कोणत्यांना म्हणत नाहीत, ते त्यांना विचारून नोंदवा. प्रत्येक कृतीसमोर ती कोणी केली हेही लिहा. या नोंदींच्या आधारे 'काम' या शब्दाच्या वापराविषयी सुमारे ३०० शब्दांत टिपण तयार करा.