टॅबसाठी ठवणी कशी निवडाल?

सप्ताहाच्या दिवसांत देवळात ज्ञानेश्वरीचे पारायण चाललेले तुम्ही पाहिले असेल. आंबेगाव तालुक्यातील पेठ, मंचर किंवा जुन्नरकडील गावे यांना हे दृश्य नवे नाही. वाचक मांडी घालून बसतात आणि समोर लाकडी ठवणीवर पोथी उघडलेली असते. सुमारे ९००० ओव्यांचा हा ग्रंथ सात दिवसांत संपवायचा, म्हणजे रोज कित्येक तास वाचन आले. ठवणी तीन कामे करते : पोथीचा भार उचलते, तिला थोडी उंच करते आणि वाचकाकडे कलती धरते.

आता अनेक जण रात्री गादीवर लोडाला टेकून टॅबवर वाचतात. त्यासाठी तिकोनी उशीसारखा स्टँड मिळतो. ही जणू मऊ ठवणीच. पण रंग व किंमत पाहून ती घेऊ नये. वरची तीनही कामे ती करते का, हे पाहावे.

हातावरचा भार

टॅबचे वजन ५०० ग्रॅम धरू. हात कोपरात वाकवून, कोपरापासून ३० सें.मी. अंतरावर तो धरला. तुमचा हात ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. कोपर हा टेकू, आणि त्याच्यापासून सुमारे ४ सें.मी. अंतरावर दंडाचा स्नायू जोर लावतो. म्हणून

०.५ × ३० = जोर × ४

म्हणजेच स्नायूला जवळजवळ ४ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. पंजा व पुढचा हात यांचे वजन वेगळेच! दहा मिनिटांत हात का भरून येतो, हे आता कळले ना?

मानेवरचा भार

टॅब मांडीवर ठेवला की हात सुटतो, पण मान अडकते. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलोग्रॅम असते. मान ताठ असली की ते मणक्यांवर सरळ तोललेले असते. मान वाकली की डोके पुढे जाते आणि मानेमागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिताने याचा अंदाज काढला. मान ३०° वाकली तर मानेवरचा भार सुमारे १८ किलोग्रॅम आणि ६०° वाकली तर सुमारे २७ किलोग्रॅम! म्हणून स्टँड निवडताना आधी उंची पाहा. तुम्ही नेहमी टेकता तसे टेकून बसा आणि मान न वाकवता, नजर थोडी खाली नेऊन अक्षरे दिसतात का ते तपासा. दिसत नसतील तर स्टँड बुटका आहे.

कोन मोजा

एक दोरा घ्या. मित्राला त्याचे एक टोक तुमच्या डोळ्याशेजारी आणि दुसरे पडद्याच्या मध्यावर धरायला सांगा. दोरा आणि पडदा यांत काटकोन झाला पाहिजे; गुण्या लावून पाहा. दोरा आडव्या रेषेपासून ३०° खाली उतरत असेल, तर पडद्याने गादीशी ६०° चा कोन करायला हवा. टेकण्याची पद्धत बदलली की हा कोनही बदलतो. म्हणून दोन-तीन कोन देणारा स्टँड बरा. अगदी उताणे झोपून वाचणाऱ्याला मात्र उशीचा स्टँड उपयोगी नाही, कारण त्याच्या नजरेची रेषा थेट आढ्याकडे जाते.

तोल सांभाळा

२४ सें.मी. उंचीचा टॅब ६०° कलता ठेवला, तर त्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या कडेच्या ६ सें.मी. मागे पडतो. ७५° केला तर जेमतेम ३ सें.मी. मागे. ओळंबा बुडाच्या बाहेर गेला की वस्तू कलंडते. जमिनीवर ३ सें.मी. पुरतील, पण गादी हलते व दबते; कूस बदलताच टॅब तुमच्या अंगावर येईल! म्हणून बूड रुंद आणि तळाचे कापड खरखरीत असावे. टॅब घसरू नये म्हणून पुढचा काठ पुरेसा उंच हवा.

उष्णता विसरू नका

कापूस आणि फोम उष्णतेचे मंदवाहक आहेत. म्हणूनच गोधडी ऊब देते. टॅबची पाठ उशीत रुतली तर त्याची उष्णता बाहेर पडत नाही. चार्जिंग करताना बॅटरी जास्त तापते, तेव्हा टॅब उशीवर किंवा पांघरुणात कधीही ठेवू नका. तो टेबलावर ठेवावा.

करून पाहा

विकतचा स्टँड हवाच असे नाही. जाड पुठ्ठ्याचा त्रिकोणी सांगाडा करून तळाला जुनी चादर शिवली, तरी काम भागते. मात्र आधी दोरा लावून आपला कोन मोजा. शिवाय दर वीस मिनिटांनी नजर उचलून दूर पाहा. पारायणाचे वाचकही मधूनमधून विश्रांती घेतातच!

आता सांगा : दोरा आडव्या रेषेपासून ४०° खाली उतरत असेल, तर पडद्याचा गादीशी कोन किती हवा? आणि आजी व नातू यांना एकच स्टँड का चालणार नाही?