पान काय सांगते?

जवाहरनगरच्या एका क्वार्टरात आम्ही गेलो. खिडकीत मोगऱ्याची कुंडी होती. बाई म्हणाल्या, "भाऊ, रोज पाणी घालते, तरी पानं पिवळीच!"

आम्ही म्हटले, "आधी पान पाहू."

झाडालाही अन्न लागते. नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानातले नत्र कोवळ्या पानाला देते. आई उपाशी राहून लेकराला भरवते, तसेच! म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. कुंडीत दोन मुठी कुजलेले शेणखत घाला.

लोह असे हलत नाही. ते कमी पडले, तर शेंड्याची पाने पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्या राहतात. १ लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा.

बाईंच्या कुंडीचे भोक बुजले होते. पाणी साचून मुळे गुदमरली होती. अशी मुळे अन्न घेत नाहीत. आम्ही भोक मोकळे केले. रोजचे पाणी थांबवले.

बांधीतही हेच. रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांनी धानाच्या खालच्या पानांवर तांबूस ठिपके येतात. याला खैरा म्हणतात. तो जस्ताच्या कमतरतेने होतो, हे डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ साली पंतनगर येथे दाखवले. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम जस्त सल्फेट व २५ ग्रॅम विझवलेला चुना मिसळून फवारावे. ओळख चुकली, तर औषधाचा पैसा जातो आणि पीकही जाते.

सांगा पाहू : तुमच्या घरच्या झाडाचे कोणते पान पिवळे आहे? वरचे की खालचे?