मध्येच ठेवता येईल असं शिवण

पोरी, तू गोधडी शिवायची म्हणतेस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. बाळ यायच्या आत एक दुपटं, एक कुंची आणि एक पातळ गोधडी एवढं सहज होईल. फक्त निवांत वेळ मिळाला की बसेन, असं म्हणू नकोस. मुलुंडच्या या दोन खोल्यांत सकाळी पाण्याची वेळ, मग डबे, मग लोकल, मग सासऱ्यांच्या गोळ्या. यातून निवांत वेळ मला कधी मिळाला नाही, माझ्या सासूबाईंनाही नाही. त्यांनी मला पहिलं सांगितलं ते टाक्याचं नव्हतंच. काम असं मांड, की दारावर कुणी आलं तर आहे तिथे ठेवता आलं पाहिजे आणि परत बसलीस की शोधाशोध नको. पुढचं सगळं मी त्यावरूनच शिकले.

कापडासाठी लगेच दुकानात जाऊ नकोस. धुऊन धुऊन खळ गेलेल्या, मऊ पडलेल्या सुती साडीसारखं गोधडीला दुसरं काही नाही. माझ्या पेटीत खटाऊच्या वॉईलच्या साड्या आहेत, तुझ्या आजेसासऱ्यांची फिनलेची धोतरं आहेत. हा माल इथल्याच गिरण्यांचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि ते कापड आता आमच्यासारख्यांच्या पेट्यांतच उरलं आहे. म्हणून ते जपून वापर, पण वापर. आज दुकानात कॉटन म्हणून देतात त्यात पुष्कळदा मिसळीचा धागा असतो. शंका आली तर एक सूत ओढून चिमट्यात धर आणि जाळून पाहा. सुती असेल तर राख बोटांत चुरडते, टेरिकॉट असेल तर वितळून कडक मणी होतो.

साडी खिडकीशी उजेडात धर, विरलेला भाग लगेच दिसेल. कमरेला खोचतो तिथे आणि पायाशी ती आधी विरते, पदर मात्र धड राहतो. विरलेलं आतल्या थराला घे, धड कापड वरच्या आणि खालच्या. फॉल उसवून काढ. जरीचा काठ मोठ्यांच्या गोधडीला किनार म्हणून शोभतो, बाळाच्या वस्तूला लावू नकोस, जर टोचते. अस्तराला नवं कापड लागलंच तर कोपऱ्यावरच्या मॅचिंग सेंटरमधून सुती अस्तर आण, रात्रभर भिजत घाल, वाळव, मगच काप. न भिजवलेलं नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही, आणि सगळी गोधडी चुणते. लाल आणि गर्द निळं कापड ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहिल्याशिवाय घेऊ नकोस.

थर किती घालायचे ते मोरीकडे बघून ठरव. गावी घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेतात, पिळायला चौघी बायका असतात. इथे तू एकटी. म्हणून ओली झाल्यावर तुला एकटीला उचलता येईल, एवढीच जाड कर. बाळाच्या गोधडीला तीन थर पुरे, मोठ्यांच्या चार, फार तर पाच. आत कापूस भरू नकोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यांवर पाणी शिरून लोकांना कापसाच्या गाद्या रस्त्यावर टाकाव्या लागल्या. आमच्या ओळखीच्या घरांतल्या गोधड्या मात्र उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून पुन्हा अंथरल्या गेल्या. भिजलेल्या कापसाचे गोळे होतात. कापडाचे थर वाळतात.

मोकळी जमीन लागते ती एकदाच, थर मांडताना. घरात कुणी नसेल अशी दुपार बघ, फरशी पुसून कोरडी कर, खालचं कापड उलटं अंथर आणि चारी कोपऱ्यांवर पिठाचे डबे ठेव. प्रत्येक थर मधून बाहेर हाताने सपाट करत जा. बाळाची गोधडी साधारण ३० बाय ४० इंच, ती एका पन्ह्यात बसते. मोठ्यांची ६० बाय ९० असते आणि साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास, तेव्हा जोड येणारच. तो प्रत्येक थरात वेगळ्या जागी घे, नाहीतर सगळे जोड एकावर एक येऊन पाठीला टोचणारा वरंबा होतो. मग लांब टाक्यांनी टाचून घे, मधून सुरुवात करून कडेपर्यंत, दोन ओळींत एक वीत अंतर ठेवून. हे टाचणं मुली कंटाळ्याने टाळतात आणि तिथेच गोधडी बिघडते. एकदा टाचली की तिला जमीन लागत नाही. घडी घालून सोफ्याच्या हातावर टाक, हवी तेव्हा मांडीवर ओढ. पोळ्या आणि वरणाची शिट्टी यांच्या मधल्या वेळातही एक ओळ होते. फक्त हळदीचे हात साबणाने धू, आणि इथल्या घामट हवेत बोटांना थोडी पावडर लाव. घामेजलेल्या बोटांत सुई अडते आणि गंजतेही.

टाका धावदोऱ्याचाच, दुसरा नको. आपल्याकडे कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत येतात. टाका लहान असण्यापेक्षा सारखा असू दे. आणि तो खालच्या थरातून खरंच निघतो आहे ना, हे डाव्या हाताच्या बोटाने चाचपत राहा. दाभण गोणपाटाला आणि गादीला, आपल्या मऊ साडीला त्याने भोकं पडतात. लांब, बारीक सुई घे आणि मधल्या बोटात अंगुस्तान. दोरा बोटापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको. लांब दोऱ्याने वेळ वाचतो असं वाटतं, पण तो गुंततो आणि झिजून तुटतो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढलास की सरळ चालतो. गाठ दोन थरांच्या आत लपव, आणि शेवटी गाठीऐवजी एकाच जागी दोन उलटे टाके घाल. नक्षी काढायचीच असेल तर अँकरची लडी आण, तिच्या सहा पदरांपैकी दोनच ओवून घे.

उठायची वेळ आली तर ओळ पुरी करायच्या हट्टात बसू नकोस. सुई कापडात तीन वेळा आरपार ओव आणि ठेव. बिनदोऱ्याची सुई घरात कुठेही ठेवायची नाही, हे पक्कं लक्षात ठेव. दोरा असला की सुई दिसते, नसला की हरवते आणि रांगत्या मुलाच्या हाती लागते. बसताना सुया मोज, उठताना मोज. डब्यात एक लोहचुंबक असू दे, आणि पावसाळ्यात ओल शोषायला खडूचा तुकडा. गडद कापड दिवसाउजेडी शिव, रात्री दिव्याखाली फिकं. उजव्या हाताने शिवतेस, तर उजेड डावीकडून घे.

बाळाच्या वस्तूंचं थोडं वेगळं आहे. पहिले दिवस बाळाला जुन्याच कापडात ठेवतात, कारण त्यातली खळ गेलेली असते आणि ते टोचत नाही. दुपटं दोन थरांचंच कर. मुंबईच्या उकाड्यात जाड पांघरूण नको, ती गोधडी बाळाखाली अंथरायला. बारशाच्या कुंचीला गुळेदगुड्डचा खण सुंदर दिसतो, पण आतून मलमलीचं अस्तर लावल्याशिवाय घालू नकोस. मणी, टिकल्या, बटणं काही नको, मूल सगळं तोंडात घालतं. बंद आखूड ठेव, आणि झोपवताना कुंची काढून ठेव. इथे मी कुणाचं ऐकत नाही, अगदी फोटो काढणाऱ्यांचंही.

मोठी गोधडी आषाढात सुरू करू नकोस. दिवाळीनंतर मांडावी, मे महिन्याच्या उन्हात वाळवून पेटीत ठेवावी, सोबत कडुलिंबाचा वाळका पाला. पावसाळ्यात पिशव्या, टोपडी, पाटावरची आसनं अशी लहान कामं घे. लोकलमध्येही तीच. बायका डब्यात भाजी निवडतात, क्रोशा विणतात, तसं तूही कर, पण बसायला जागा असेल तरच, आणि कात्री घरी ठेवून. घरातल्यांनाही यात ओढ. सासऱ्यांना साड्यांच्या पट्ट्या फाडायला दे, सुती कापड सरळ रेषेत फाटतं. धाकट्या दिराला दहा सुयांत दोरा ओवून ठेवायला सांग. मुलगा आहे म्हणून सोडू नकोस, बटण लावणं प्रत्येकाला यायलाच हवं.

आणि हे जमू लागलं की शेजारपाजारचे लोक विचारतील, आम्हाला पण एक करून दे. प्रेमाने द्यायची असेल तर दे. पैशाने देणार असशील तर आपल्या दुपारचे पैसे धर, फक्त दोऱ्याचे नाही. बांद्रा-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरस भरतं, तिथे बचत गटाच्या बायका गोधड्या घेऊन येतात. त्यांच्याकडे भावाची घासाघीस करणारे पाहिले की माझा जीव तुटतो. तू तिथे गेलीस तर आधी गोधडी उलटी करून टाके बघ आणि सांगितलेला भाव दे.

आता एक काम आजच कर. बोहारीण गुरुवारी येते. भांड्याच्या मोबदल्यात साड्यांचं गाठोडं तिच्यापुढे टाकायच्या आधी त्यातल्या सुती साड्या वेगळ्या काढून ठेव. सिंथेटिक तिला खुशाल दे.