निरीक्षणपाठ : पिसांचे रंग

पिसांना रंग दोन प्रकारे येतो. काळ्या कोंबडीचा रंग तिच्या शरीरातच तयार होणाऱ्या रंगद्रव्याचा असतो. रोहित पक्ष्याची गुलाबी छटा शेवाळ व सूक्ष्म जलचर यांच्या आहारातून येते. मोरपिसात मात्र निळे द्रव्य मुळीच नसते. त्यात काळसर द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या ठराविक अंतराने रचलेल्या असतात. त्या रचनेमुळे प्रकाशातील निळा भागच ठळकपणे परावर्तित होतो.

वर्गात गळलेले मोरपीस प्रथम उजेड त्यावर पडेल असे धरावे. नंतर खिडकीसमोर धरून आरपार पाहण्यास सांगावे. निळा रंग लोपून तपकिरी दिसेल. कोंबडीचे पीस काळेच राहील. कारण आधी सांगू नये. फरक विद्यार्थ्यांनीच टिपावा. पाठासाठी कोणत्याही पक्ष्याचे पीस उपटू नये.