जिवाणूंच्या तटबंदीतील दारे : पोरिन प्रथिनांची रचना आणि उत्क्रांती

भातावरील कडा करपा, डाळिंबावरील तेल्या, बटाट्याची मऊ कूज आणि गाई-म्हशींतील घटसर्प हे रोग परस्परांहून कितीही भिन्न दिसले, तरी त्यांच्या कारक जिवाणूंमध्ये एक साम्य आहे. हे सर्व जिवाणू ग्रॅम-ऋण गटात मोडतात. त्यांच्या पेशीभोवती एक नव्हे, तर दोन पटले असतात. फऱ्या रोगाच्या ग्रॅम-धन जिवाणूला हे दुसरे पटल नसते. बाह्यपटलाचा दर्शनी थर लायपोपॉलिसॅकराइड या मेद-शर्करा संयुगाने इतका दाट भरलेला असतो, की पित्तक्षार आणि अनेक प्रतिजैविके त्यातून सहजी आत शिरू शकत नाहीत. मात्र ज्या तटातून विष येत नाही, त्यातून अन्नही येत नाही. या अडचणीवर जिवाणूंनी योजलेला उपाय म्हणजे पोरिन प्रथिने.

1976 मध्ये ताइजी नाकाए यांनी बाह्यपटलातील प्रथिने वेगळी करून ती कृत्रिम मेदकोशिकांच्या पटलात बसवली. त्यासरशी लहान शर्करारेणू त्या कोशिकांतून बाहेर झिरपू लागले. मोठे मात्र आतच अडकून राहिले. ‘पोरिन’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे 600 डाल्टन रेणुभाराची असल्याचे पुढे स्पष्ट झाले. साध्या शर्करा, अमिनो आम्ले व क्षार यांना वाट मोकळी, तर प्रथिने व लांब शर्करासाखळ्या यांना मज्जाव, असा हा हिशेब आहे.

दाराची प्रत्यक्ष घडण दिसण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. 1991 मध्ये ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटस या प्रकाशसंश्लेषी जिवाणूच्या आणि 1992 मध्ये एश्चेरिशिया कोलायच्या ओम्प-एफ व फो-ई या पोरिनांच्या स्फटिकरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडल्या. पटलातील बहुतेक प्रथिने सर्पिल आकाराने पटल ओलांडतात. पोरिनची घडण मात्र सर्वस्वी निराळी निघाली. त्यात अमिनो आम्लांच्या साखळीच्या 16 पट्ट्या शेजारी शेजारी, किंचित तिरक्या उभ्या असतात. शेवटची पट्टी पहिलीला येऊन मिळते आणि तळ नसलेल्या कणगीसारखी पोकळ नळी तयार होते. पट्टीतील एकाआड एक अमिनो आम्ल बाहेर, मेदाकडे, तोंड करून असते आणि ते जलविरागी असते. उरलेली आतील पाण्याकडे वळलेली असतात व ती बहुधा जलस्नेही असतात.

पट्ट्यांच्या या योजनेमागील एक कारण प्रथिनाच्या प्रवासात सापडते. पोरिन पेशीच्या आत तयार होते आणि त्याला आतले पटल ओलांडून बाहेरच्या पटलापर्यंत जावे लागते. त्याच्या साखळीत सलग जलविरागी भाग असता, तर ती आतल्याच पटलात रुतून बसली असती. एकाआड एक मांडणीमुळे हा अडथळा टळतो. बाह्यपटलाशी पोहोचल्यावर बाम-ए हे प्रथिन तिला नळीचा आकार देऊन पटलात बसवते. आणि हे बाम-ए स्वतःही 16 पट्ट्यांची नळीच आहे!

अशा तीन नळ्या एकत्र येऊन एक त्रिक बनते व प्रत्येक नळीची वाट स्वतंत्र राहते. पेशीच्या आतील बाजूस पट्ट्यांना जोडणारी वळणे आखूड असतात, तर बाहेरील बाजूचे वळसे लांब असतात. त्यांपैकी तिसरा वळसा नळीच्या आत दुमडलेला असतो आणि मध्यावर वाट अरुंद करतो. ओम्प-एफमध्ये हा चिंचोळा भाग जेमतेम 0.7 गुणिले 1.1 नॅनोमीटरचा आहे. त्याच्या एका कडेला ऋणभारित आणि समोर धनभारित अमिनो आम्ले असल्याने तेथे तीव्र विद्युतक्षेत्र निर्माण होते. पोरिनला केवळ भोक समजणे म्हणूनच अपुरे ठरते. येणाऱ्या रेणूचा आकार आणि विद्युतभार, दोन्हींची येथे पारख होते.

जिवाणू परिस्थितीनुरूप दारेही बदलतो. भोवतालच्या द्रावणात क्षार कमी असताना ओम्प-एफ अधिक प्रमाणात तयार होते. प्राण्याच्या आतड्यात, जेथे क्षार व पित्त दोन्ही मुबलक असतात, तेथे तुलनेने आकुंचित वाटेचे ओम्प-सी पुढे येते.

उत्क्रांतीचा मागोवा घेताना पट्ट्यांची संख्या उपयोगी पडते. बाह्यपटलातील नळीदार प्रथिनांत ती बहुधा सम असते : ओम्प-ए मध्ये 8, माल्टोज शर्करा आत घेणाऱ्या लॅम-बी मध्ये 18, लोह मिळवणाऱ्या फेप-ए मध्ये 22. दोन पट्ट्यांचा केसपिनेसारखा एक घटक पुन्हा पुन्हा द्विगुणित होऊन लहान-मोठ्या नळ्या घडल्या असाव्यात, या मताला 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुक्रमांच्या विश्लेषणाने बळ दिले. मऊ कुजीचा एक कारक जिवाणू, डिकेया डाडांटी, याच्याजवळ केडीजी-एम नावाचे खास पोरिन आहे. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनचे विकरांनी पाडलेले तुकडे तो याच वाटेने आत घेतो. पिकाची नासाडी आणि जिवाणूचे पोषण येथे एकाच साखळीत गुंफलेले आहेत.

नळीच्या पट्ट्या फारशा बदलत नाहीत. बाहेरचे वळसे मात्र झपाट्याने बदलतात, कारण शत्रूची गाठ त्यांच्याशीच पडते. यजमान प्राण्याची प्रतिपिंडे त्यांनाच चिकटतात आणि जिवाणूभक्षी विषाणूही त्यांनाच पकडतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. लॅम्डा हा विषाणू एरवी लॅम-बी ला धरूनच पेशीत शिरतो. जिवाणूंनी लॅम-बी चे उत्पादन घटवताच सुमारे चौथ्या भागातील संवर्धनांमध्ये विषाणूने चार उत्परिवर्तने साठवून चक्क ओम्प-एफचा आधार घेण्याची क्षमता मिळवली. त्यासाठी त्याला काही दिवस पुरले.

औषधांच्या बाबतीतही हाच पेच दिसतो. टेट्रासायक्लिन आणि बीटा-लॅक्टम गटातील अनेक प्रतिजैविके पोरिनमधूनच आत जातात. रुग्णालयांत आढळणाऱ्या क्लेब्सिएला न्यूमोनी जिवाणूच्या काही प्रतिरोधी वाणांत ओम्प-के-36 या पोरिनच्या तिसऱ्या वळशात केवळ दोन अमिनो आम्ले अधिक आढळतात. तेवढ्याने वाट आणखी चिंचोळी होते आणि कार्बापेनेम गटातील औषधांचा शिरकाव मंदावतो. दार सर्वस्वी काढून टाकणाऱ्या जिवाणूला त्याची किंमत पोषणात मोजावी लागते. वाट किंचित अरुंद करणारा बदल त्या मानाने स्वस्त पडतो, आणि म्हणूनच तो अधिक चिंताजनक आहे.

पशुआरोग्याच्या दृष्टीने हीच दारे लसीची लक्ष्येही ठरतात. घटसर्पाच्या पाश्चुरेला मल्टोसिडा जिवाणूचे ओम्प-एच हे प्रमुख पोरिन लसीचा घटक म्हणून अभ्यासले गेले आहे. त्याच्या बाहेरील वळशांत वाणागणिक फरक पडतो. त्यामुळे एका वाणाच्या वळशाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड दुसऱ्या वाणाला ओळखेलच, असे गृहीत धरता येत नाही. लसीसाठी निवडलेल्या पोरिनचा अनुक्रम त्या प्रदेशातील रोगकारक वाणांशी ताडून पाहावा लागतो.