पर्ज मारण्याआधी

पोरी, रात्री अकराला फोन येतो, "साइटवर अजून जुनाच दर दिसतोय", आणि तुझा हात सरळ पर्जच्या, म्हणजे साठवलेल्या प्रती पुसायच्या, बटणाकडे जातो. माझाही जायचा. बटण दाबलं की तक्रार बहुतेक वेळा मिटते, आणि पंधरा दिवसांनी तीच पुन्हा दारात उभी राहते. पर्ज मारणं म्हणजे चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आत केर काढणं. आधी बघायचं ते एकच: समोर दिसतेय ती प्रत कोणाकडची?

फोनवरच्या माणसाला विचार, कुठल्या गावातून बघताय, कुठल्या नेटवर. आणि पत्ता तोंडी घेऊ नकोस, कॉपी करून पाठवायला सांग. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला, न लावलेला, प्रश्नचिन्हापुढचं शेपूट असलेला, सीडीएनच्या, म्हणजे ठिकठिकाणी पानांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याच्या, लेखी ही सगळी वेगवेगळी पानं असू शकतात. एकाला पर्ज मारायचं आणि गिऱ्हाईक दुसरंच बघत बसायचं, हे मी कितीदा केलंय ते विचारू नकोस.

मग टर्मिनल उघड आणि कर्लने तोच पत्ता मागव. नुसती हेडर मागवायचा शॉर्टकट सगळे मारतात, पण त्याने हेड विनंती जाते आणि तिचं उत्तर गेटसारखंच येईल याचा भरवसा नाही. पूर्ण पान घे, मजकूर फेकून दे, हेडर वाच. हिट की मिस ते बघच, पण खरी साक्ष देतं ते 'एज' हेडर, म्हणजे प्रतीचं वय, सेकंदांत. (सीडीएनच्या कडेवरच्या सर्व्हरलाही एजच म्हणतात आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून त्याला मी ठाणं म्हणतो.) समज, आत्ता रात्रीचे 11.10 झालेत आणि दर बदलला 10 वाजता. वय 5400 दिसलं, तर ठाण्याने प्रत 9.40 ला उचललीय, जुनं दिसणारच. पण वय 600 असेल तर प्रत 11 ची. म्हणजे दर बदलून तासाभरानेही आपल्याच घरातून जुनं पान बाहेर गेलं. सीडीएनला शिव्या देऊन उपयोग नाही.

कोणतं ठाणं बोलतंय तेही हेडरातच सापडतं. क्लाउडफ्लेअरच्या रे क्रमांकाच्या शेवटी विमानतळाची तीन अक्षरं असतात. बीओएम म्हणजे मुंबई. मुंबईतला माणूस मुंबईच्याच ठाण्यावर जातो असं धरू नकोस, त्याची नेट कंपनी त्याला सिंगापूरलाही फिरवून आणू शकते. म्हणून "मला तर बरोबर दिसतंय" हे वाक्य या धंद्यात साक्ष म्हणून चालत नाही.

आता सीडीएनला वळसा घाल. कर्लच्या रिझॉल्व्ह पर्यायाने साइटचं नाव तेच ठेवून थेट मूळ सर्व्हरच्या आयपीवर जा. सर्व्हर चार असतील तर चारही एकेक करून विचार. एका ठिकाणी आम्ही दोन दिवस सीडीएनवाल्यांशी भांडत होतो. पर्ज मारलं की पान कधी सुधारायचं, कधी पुन्हा जुनं व्हायचं. चारातला एक सर्व्हर डिप्लॉयच्या यादीतून गळला होता. रिकामं झालेलं ठाणं ज्या वेळी त्याच्या दारी जायचं, त्या वेळी बिचारं शिळंच घेऊन परतायचं.

पर्ज मारायचंच तर आतून बाहेर. आधी अ‍ॅपची कॅश, मग तिच्यापुढे वार्निश वगैरे असेल तर ते, मग सीडीएन. उलट केलंस तर ठाणं आतलं शिळं उचलून ताजं म्हणून मांडून ठेवेल. ब्राउझरमधली प्रत तर आपल्या हातातच नाही. म्हणून पानाचं मॅक्स-एज मिनिटभर ठेव आणि सीडीएनसाठी एस-मॅक्सएज हवं तेवढं वाढव. सीएसएस, जेएसच्या फायलींची नावंच प्रत्येक बदलाला नवी दे, मग वर्षभर कॅश झाल्या तरी बिघडत नाही.

कॅश-कंट्रोल लिहिलाच नाही तर कॅश होणार नाही, असं नव्याने आलेल्यांना हमखास वाटतं. चूक. हेडर गप्प असेल तर कॅश स्वतः अंदाज बांधू शकते. शेवटच्या बदलाला जितका काळ लोटला त्याचा दहावा हिस्सा, हा रूढ हिशेब. शंभर दिवस न बदललेलं पान दहा दिवस मुरू शकतं. आणि नो-कॅशच्या नावावर जाऊ नकोस: तो साठवू देतो, फक्त वापरण्याआधी विचारायला लावतो. साठवायचंच नसेल तर नो-स्टोअर.

मराठी-इंग्रजी पान एकाच पत्त्यावर कुकीवरून बदलत असेल, तर आज ना उद्या इंग्रजीवाल्याला मराठी पान जाणार. कुकीप्रमाणे प्रती वेगळ्या ठेवायला सांगणारा व्हेरी हेडर प्रत्येक सीडीएन सारखाच पाळत नाही. भाषा सरळ पत्त्यात घाल.

एका बाबतीत मात्र मी आत्तापर्यंत सांगितलेलं विसर. एकाला दुसऱ्याचं नाव, पत्ता, बिल दिसलं, तर हेडरची एक प्रत ठेव आणि लगेच कॅशिंग बंद कर, सगळं पर्ज कर, मग शोध. 25 डिसेंबर 2015 ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात हेच झालं. हल्ला थोपवताना लावलेल्या कॅशिंगच्या चुकीच्या सेटिंगमुळे जवळपास दीड तास लोकांना परक्यांची पानं दिसत होती, सुमारे 34 हजार जणांची. लॉगिननंतरच्या पानावर प्रायव्हेट, नो-स्टोअर आहे ना, आणि सेट-कुकी असलेलं उत्तर कॅशमध्ये जात नाही ना, हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी तू बघ.

मूळ सर्व्हरांचे आयपी माझ्या निळ्या वहीत आहेत. वही तुझ्या खणात ठेवलीय. शेवटच्या पानावरचे दोन खोडलेत, ती यंत्रं आता नाहीत.